एक पॉइंट सात

आमच्या घरात दहावी झालेला मी एकटा. १९७५ साली, नव्या दहावीच्या पहिल्याच बॅचला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्याची शाळा सातवीतच सुटली. आबा दम्यानं बेजार, वखर धरायला घरात कुणीतरी पाहिजे होतं, तो दादानं धरला. म्हणून मी शिकलो. हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं कामाचा वाटा दादाचा आणि कागदाचा वाटा माझा, अशी वाटणीच पडून गेली. सातबारा असो, सोसायटीची नोटीस असो, कापसाची पट्टी असो, दादा म्हणणार, "बापू, वाच रे, काय लिहेल हाय." मी वाचायचो आणि मी सांगेन ते तो मानायचा. तो कागद फिरून दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात दादाचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. तालुक्याच्या गावी, खाजगी दवाखान्यात. त्याआधी रक्त-लघवी तपासून आणायला सांगितली. लॅबमधून रिपोर्ट मीच आणला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून वाचला. हिमोग्लोबिन, साखर, युरिया, आणि त्याखाली क्रिएटिनिन. क्रिएटिनिनसमोर १.७, बाजूला कंसात ०.७ ते १.३. तो १.७ बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड छापलेला होता. खाली लघवीच्या रकान्यात अल्ब्युमिनपुढं अधिकची दोन चिन्हं.

"काय म्हन्ते कागद?" दादानं विचारलं.

"सगळं बरोबर हाय. येक आकडा पॉइंट चारनं वर हाय, बस."

"पॉइंट चार म्हंजे किती?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून चिमूटभर दाखवलं. "इतकुसा."

अधिकची चिन्हं मला चांगलीच वाटली. शाळेत अधिक म्हणजे चांगलं आणि वजा म्हणजे वाईट, एवढंच डोक्यात बसलेलं. डॉक्टरांनी फाईल चाळली, ऑपरेशन केलं, आठव्या दिवशी टाके काढले, दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या आकड्याबद्दल तेही काही बोलले नाहीत. रिपोर्ट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टिनाच्या पेटीत, सातबाऱ्याच्या खाली ठेवला. कागद सांभाळून ठेवण्यात मी हुशार.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाण पट्ट्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगानं हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, खोल, लोण्यासारखी, आणि तिच्या पोटातलं पाणी खारं. विहीर खोदा, बोअर मारा, लागलेलं पाणी पिकाला दिलं तर जमीन चुनखडीसारखी घट्ट होते. म्हणून आमची सगळी शेती आभाळाच्या भरवशावर. कापूस, तूर, मूग, आणि ओलीवर हरभरा. नळयोजनेचं पाणी आलं ते फार उशिरा, आणि आलं तरी रोज येतं असं नाही. त्या आधी आम्ही आयुष्यभर विहिरीचंच प्यालो. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. हंड्याला आतून पांढरा थर धरतो. पाहुणा आला की पहिल्या घोटाला त्याचं तोंड वाकडं होतं, ते पाहून आमची पोरं हसायची. आणि साबणाला फेस येत नाही. कितीही घासा, नुसतं चिकट.

२०१० चं साल असेल. तुरीच्या वावरात बांधावर दोघं उभे होतो. दादा लघवी करून आला आणि हसत म्हणाला, "बापू, गंमत पाय. आपल्या पान्यात साबनाले फेस येत नाही अन् मुताले येते."

मीही हसलो. गावात जाऊन दोघा-चौघांना हा विनोद सांगितला. लोक हसले. त्या फेसाचा अर्थ लावणारं कुणी त्या चार-पाच माणसांत नव्हतं.

तेव्हाच दादा रात्री तीन-चारदा उठायला लागला होता. वहिनी म्हणायची, वय झालं. पायावर संध्याकाळी सूज यायची, ती म्हणायची, दिवसभर उभं राहतात म्हणून. कंबर दुखायची, त्याला मेडिकलमधून गोळी. पेरणीच्या आणि डवऱ्याच्या दिवसांत तो रोज एक, कधी दोन गोळ्या खायचा. सकाळच्या चहासोबत गोळी, मग दिवसभर काम. आमच्या भागात याला कुणी औषध म्हणतच नाही. मजुराच्या हातात तंबाखूची पुडी तशी ही गोळीची पट्टी.

२०१२ च्या दिवाळीत दादानं जेवण सोडलं. करंजी पुढं केली की उलटी यायची. अंगाला खाज, तोंडाला लघवीसारखा वास, चार पावलं चालला की दम. आम्हाला वाटलं कावीळ. गावठी औषधात आठ दिवस गेले. मग अकोल्याला नेला. तिथं रक्त घेतलं आणि दोन तासांत कागद हातात आला. क्रिएटिनिन ६.८. युरिया १४२. पोटॅशियम ५.९. हिमोग्लोबिन ७.९. रक्तदाब १९० वर ११०. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सात-सात सेंटिमीटरच्या, म्हणजे आकसलेल्या. चांगल्या माणसाची दहा-अकरा सेंटिमीटर भरते.

यावेळी चिमूट दाखवायची सोय नव्हती.

किडनीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "यांचा जुना एखादा रिपोर्ट आहे का? चार-पाच वर्षांपूर्वीचा?" मी म्हटलं, आहे. मला अभिमानच वाटला थोडा. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गावी जाऊन पेटीतून तो काढून आणला. डॉक्टरांनी कागद पाहिला, मोबाईलवर काही आकडे घातले आणि म्हणाले, "चोपन्न वर्षांच्या माणसाला १.७ म्हणजे तेव्हाच यांची किडनी सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास काम करत होती. आणि लघवीतून प्रोटीन जात होतं. हा रिपोर्ट तेव्हा कुणी पाहिला होता?"

मी काही बोललो नाही. घशाला कोरड पडली. खाटेवर पडलेल्या दादानं डोळे न उघडता सांगितलं, "कोनी नाही साहेब. मीच आनला अन् मीच ठेवून देल्ला."

डॉक्टरांना त्यात खोटं काही वाटलं नाही. दादाला वाचता येत नाही, असं थोडंच आहे, सातवीपर्यंत शिकलेला माणूस.

पुढं मी त्या डॉक्टरांना आणि लॅबमधल्या पोराला विचारून विचारून भंडावून सोडलं. जे तेव्हा कळायला पाहिजे होतं ते मी असं उशिरा शिकलो. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. अंगातले स्नायू रोज काम करतात, त्यातून रोज जवळपास सारखाच निघतो, आणि किडनी तो रक्तातून गाळून लघवीत टाकते. किडनी मंदावली की रक्तात साचतो. लॅबवाला पोरगा म्हणाला, "काका, रक्त फिरवून वरचं पाणी काढायचं, त्यात पिवळं पिक्रिक अॅसिड टाकायचं. क्रिएटिनिन असलं की रंग नारिंगी होतो. जितका गडद, तितकं जास्त. मशीन तो रंग मोजते." ही युक्ती याफे नावाच्या जर्मन माणसानं १८८६ साली शोधली, हेही त्यानंच सांगितलं, त्याच्या परीक्षेला आलं होतं म्हणे.

पण खरी मेख पुढं आहे. हा आकडा कापसाच्या पट्टीसारखा सरळ चढत नाही. किडनीचं काम निम्मं होतं तेव्हा क्रिएटिनिन दुप्पट होतं, म्हणजे ०.९ चं १.८. उरलेल्यातलं निम्मं गेलं की पुन्हा दुप्पट, ३.६. त्यातलं निम्मं गेलं की सात. म्हणजे ०.९ पासून १.८ पर्यंतच्या त्या पॉइंट नऊमध्ये अर्धी किडनी गेलेली असते, आणि नंतर मोठमोठे आकडे चढतात तेव्हा जायला फारसं काही उरलेलंच नसतं. मी 'इतकुसा' म्हणून दाखवलेली चिमूट हीच सगळ्यात महाग होती. शिवाय सुरुवातीला चांगला भाग वाईट भागाचं काम ओढून नेतो, त्यामुळं बराच काळ आकडा कंसाच्या आतच राहतो.

कापूसवाल्याला हे समजायला अवघड नाही. गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बांधावरून पऱ्हाटी हिरवीगार दिसायची. बोंडं टपोरी. फोडून पाहिलं की आत अळी आणि सरकी पोखरलेली. बोंड फोडून पाहणं म्हणजे क्रिएटिनिन. खरं कळतं, पण नुकसान झाल्यावर. त्याच्या आधी कळायचं तर कामगंध सापळा लावावा लागतो. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, असं कृषी सहायक सांगतात. एका रात्रीच्या पतंगांवर ठरवायचं नाही. किडनीचा सापळा लघवीत असतो. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन चांगल्या चाळणीतून खाली येत नाही. चाळणीची भोकं सैल झाली की ते लघवीत उतरतं, आणि हे क्रिएटिनिन हलायच्या पुष्कळ आधी होऊ शकतं. तेही एकदा सापडून चालत नाही. तापात, फार मेहनत झाल्यावर उगाच उतरू शकतं. तीन महिन्यांत दोन-तीनदा सापडलं तर तो आजार. सगळ्यांच्याच किडनीचं दुखणं अल्ब्युमिन गळूनच सुरू होतं असंही नाही, म्हणून डॉक्टर दोन्ही मागतात, रक्त आणि लघवी.

गळतं तेव्हा लघवीला फेस येतो. तोच फेस, ज्यावर आम्ही बांधावर हसलो.

आणि मी हे आधी पाहिलंही होतं. १९७४ साली माझी मोठी बहीण बाळंतपणाला आली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. वरचा भाग दुधासारखा पांढरा झाला. मग बाईंनी शिरक्यासारख्या वासाचे दोन-तीन थेंब टाकले. पांढरं गेलं नाही. बाई म्हणाल्या, हिला इथं ठेवायचं नाही, बैलगाडी जुंपा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. बहीण आणि भाची दोघी वाचल्या. अंडं तापवलं की पांढरं होतं तसं ते अल्ब्युमिन गोठतं, एवढीच त्यातली विद्या. किडनीच्या डॉक्टरांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट नावाच्या डॉक्टरनं १८२७ साली हेच लिहून ठेवलं, चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायची. म्हणजे जे पावणेदोनशे वर्षांपासून चमच्या-मेणबत्तीवर कळत होतं ते मला छापील कागदावर कळलं नाही. दहावीला विज्ञानात मी वृक्काची आकृती काढून नावं दिली होती, मार्कही मिळाले होते. वृक्क म्हणजेच किडनी, हे दोन शब्द माझ्या डोक्यात अकोल्यापर्यंत एकत्र आले नव्हते.

२०१३ च्या जानेवारीत दादाचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. आधी मानेत नळी, मग डाव्या हातावर फिस्टुला. त्यावर हात ठेवला की आत मोटार चालल्यासारखं घरघरतं. नातवंडं येऊन कान लावायची. सरकारी योजनेत खर्चाचा मोठा भाग निघाला, नाहीतर वावर गेलं असतं. तरी येणं-जाणं, औषधं, सोबतच्या माणसाचा दिवस, हे धरून दोन एकर गहाण पडलंच.

दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी. उन्हाळा आमच्याकडचा, पारा पंचेचाळीसला. ज्या माणसानं जन्मभर खारं पाणी प्यालं त्याच्या घरी आता नळाचं गोडं पाणी होतं, आणि ते प्यायची बंदी होती. वहिनी त्याला बर्फाचा एक खडा द्यायची, तो तासभर तोंडात घोळवायचा. मशीनवर बसायच्या आधी आणि नंतर वजन करायचे. अडीच किलो उतरलं की दादा म्हणायचा, "आज अडीच किलो येचला मशीननं. भाव काय हाय?" तिथले टेक्निशियन पोरगे त्याच्यावर खूश असायचे.

डॉक्टरांनी किडनी बदलायचं सुचवलं. १९९४ च्या कायद्यात सख्खा भाऊ जवळच्या नात्यात बसतो. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता, पुतण्या तेव्हा नुकता लग्नाचा, त्याच्या सासरच्यांनी कुरकुर केली. राहिलो मी. मी म्हटलं, माझी घ्या. बायको रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडली होती, पण नाही म्हणाली नाही.

मनातलं खरं लिहितो. मी देणार होतो ते काही भावाच्या मायेनं एकट्या नव्हे. पायऱ्यांवर बसून जी चिमूट दाखवली होती तिची परतफेड करायची होती. एक किडनी देऊन टाकली की हिशोब मिटला, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आणि तितकंच खरं हेही की मला भीती वाटत होती, पोटात गोळा यावा तशी.

नागपूरला तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला. क्रिएटिनिन १.१, म्हणजे कंसाच्या आत. हिशोबानं किडनीचं काम ७९ आलं. मी सुटलो म्हणावं की अडकलो, कळेना. मग सकाळच्या पहिल्या लघवीचा रिपोर्ट आला. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात, ते तीसच्या आत पाहिजे. माझं २१०. पुन्हा करायला लावलं, पुन्हा १९०. रक्तदाब पाहिला तर १६० वर १००. मला डोकं नाही, चक्कर नाही, काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही देऊ शकत नाही. तुमचीच चाळणी गळायला लागली आहे. बरं झालं आत्ता सापडलं."

मी दवाखान्याच्या बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो, आणि मला हलकं वाटलं. आजार सापडलाय याचं दुःख व्हायला पाहिजे होतं, दादाला किडनी मिळणार नाही याचं तर व्हायलाच पाहिजे होतं. पण पहिल्यांदा जे आलं ते हलकं वाटणं होतं. दोन ग्लास चहा प्यालो. अकरा वर्षं झाली त्याला, त्या चहाची चव अजून जिभेवर येते आणि तोंड कडू होतं.

दादाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सलग दोन डायलिसिसला मी सोबत गेलो, चार-चार तास स्टुलावर बसलो, तो छताकडं पाहत राहिला. त्याला वाटलं असेल मी कागद फिरवला. वाचणारा मीच होतो ना. तिसऱ्या खेपेला एसटीत त्यानं विचारलं, "तुह्या लघवीले फेस येते?"

"येते."

"कवापासून?"

"ध्यान नाही देल्लं."

बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "प्रेशरची गोळी सुरू केली का? मंग चुकवजो नोको."

२००८ चा रिपोर्ट आमच्या दोघांत त्यानंतरही कधी निघाला नाही. मी दोनदा काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यानं बैलाचं काहीतरी विचारलं.

२०१६ च्या मार्चमध्ये दादा गेला. मशीन नव्हतं लागलं त्या दिवशी, घरीच, पहाटे. हृदय थांबलं.

माझं मात्र चाललं आहे. मला दिलेली रक्तदाबाची गोळी त्या जातीची आहे की ती दाब कमी करते आणि चाळणीची गळतीही कमी करते. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं असतं, कारण काहींना ते वाढतं. मला सोसली. मीठ निम्मं केलं, ठेचा आणि लोणचं सुटलं, कंबरदुखीची गोळी तर घरातच येत नाही, दुखली कंबर तर शेक. आता दर सहा महिन्यांनी तपासतो. २१० चं प्रमाण ६० वर आलं आहे. क्रिएटिनिन १.४, माझ्या वयाला हिशोब ५५. दादाचं १.७ सापडलं तेव्हा तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता. डॉक्टर म्हणतात, याच चालीनं राहिलं तर मशीनची पाळी बहुधा येणार नाही. म्हणजे दादाच्या आजारानं माझा आजार पकडून दिला. माझ्या एका किडनीनं त्याला जे मिळणार होतं, ते त्याच्या आजारानं मला मिळालं. हा हिशोब मिटत नाही, उलट वाढतो.

गावात आता लोक रिपोर्ट घेऊन माझ्याकडं येतात. मी डॉक्टर नाही हे आधी सांगतो. पण काही गोष्टी बघून देतो. लघवी सकाळची पहिली होती का. आदल्या रात्री मटण खाल्लं होतं का, कारण त्यानं क्रिएटिनिन तेवढ्यापुरतं वर जातं. ताप होता का. साखर, दाब आहे का, कारण या दोघांचीच पोरं जास्त करून किडनीत शिरतात. गेल्या वर्षीचा कागद आहे का, तो शेजारी ठेवतो, कारण एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांची चाल जास्त बोलते. आणि जाड छापलेलं काही असलं की मी चिमूट दाखवत नाही. आजच्या आज जा म्हणतो. लोकांना वाटतं म्हातारा घाबरट झाला. शिबिरं होतात त्यात साखर आणि दाब बघतात, लघवीच्या पट्टीची कुणाला आठवण होत नाही. एवढीशी कागदी पट्टी, बुडवली की पिवळी असते ती हिरवी होते, झालं. पण बाटली घेऊन रांगेत उभं राहायची माणसाला लाज वाटते, बायांना तर फारच. रक्त द्यायला कुणी लाजत नाही.

गेल्या महिन्यात वहिनीचा रिपोर्ट पाहिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा. वहिनी सदुसष्टची, वजन अडतीस किलो. क्रिएटिनिन १.१. जाड नाही, काही नाही. कंसात बाप्यांचा आणि बायांचा एकच आकडा छापलेला, १.३ पर्यंत. पुतण्या म्हणाला, नॉर्मल आहे काका. मी मोबाईलवर वय टाकलं, बाई टाकलं. ५५ आलं. ज्याच्या अंगावर मांस नाही त्याचा कचराही कमी निघतो, म्हणून किडनी खचली तरी आकडा मोठा दिसत नाही. दादाच्या अंगाला १.१ शोभला असता, वहिनीच्या नाही. अशा माणसासाठी सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी तपासणी असते, ती मांसावर फारशी अवलंबून नसते, पण ती आमच्या तालुक्यात होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. आधी लघवी तर बघू, मी म्हटलं.

वहिनी तयार होईना. "मले कायचा रोग? मी कोनती गोयी खाते?" शेवटी मी म्हटलं, दादासाठी चला. त्यावर ती काही बोलली नाही, आत गेली.

सकाळी सहाच्या एसटीला ती आली तेव्हा हातात कापडी पिशवी होती. वर मेथीच्या दोन जुड्या, खाली फडक्यात गुंडाळलेली बाटली. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, मेथी विकायची आहे का. वहिनीनं पिशवी छातीशी धरली आणि म्हणाली, "नाही माय, लेकीकडं चालली."

लॅबमध्ये नमुना दिला, रक्तही दिलं. रिपोर्ट चार वाजता मिळणार होता. तोवर आम्ही तिथल्याच पायऱ्यांवर सावलीला बसलो. वहिनीनं भाकरी सोडली, बिनमिठाचं वरण माझ्या पुढं सरकवलं.

"भाऊजी," तिनं थोड्या वेळानं विचारलं, "कागद तुमीच वाचसान ना?"

"वाचीन," मी म्हटलं. "पन मंग डॉक्टरीणबाईले बी दाखवू. पाच वाजेलोक बसते ते."